तीन नळ्यांचा मॅक्रो: एक्स्टेन्शन ट्यूबचा रिव्ह्यू आणि तिच्यावरचा हिरवा आळ

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी; तिच्यामुळे लेन्स जास्त जवळ फोकस करते आणि बारीक वस्तू मोठी टिपते. कॅननच्या ईएफ माउंटसाठी (डीएसएलआरवर लेन्स बसते तो जोड) १३, २१ आणि ३१ मिलिमीटरच्या अशा तीन नळ्यांचा, म्हणजे रिंगांचा, हा संच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. अंग प्लास्टिकचं, माउंट धातूचा, आत कॅमेरा आणि लेन्स यांना विजेने जोडणारे सोनेरी कॉन्टॅक्ट. मॅक्रो लेन्सच्या मानाने खर्च किरकोळ. इथला हिशेब एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आणि ५० मिमी एफ १.८ एसटीएम लेन्स या जोडीचा आहे, कारण बहुतेकांकडे तीच असते.

कॉन्टॅक्ट नसलेली शे-दोनशे रुपयांची रिंग घेऊ नका. ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, कॅमेऱ्याच्या विजेवर चालतं, त्यामुळे साध्या रिंगवर ते सताड उघडं राहतं. एफ ८ लावून, डेप्थ प्रिव्ह्यूचं (छिद्र लावलेल्या आकड्यावर आणणारं) बटण दाबून धरून लेन्स काढायची युक्ती चालते, पण अ‍ॅपर्चर बदलायचं म्हटलं की पुन्हा तोच खटाटोप.

किती मोठं दिसेल ते सरळ भागाकारात कळतं: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, त्यात लेन्सचं स्वतःचं ०.२१ मिळवायचं. उत्तर १ आलं तर वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच पडते, म्हणजे एकास-एक. नुसत्या ३१ वर ०.८३ मिळतं, १३ आणि ३१ जोडल्या की १.०९, तिन्ही लावल्या तर १.५१. रोजच्या कामाला १३ अधिक ३१ ही जोडी सर्वांत सोयीची. जवळजवळ २० मिमीची वस्तू फ्रेमभर येते आणि लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत चारेक बोटं जागा उरते. तिन्ही एकदम लावल्या की किड्याच्या अंगावर लेन्सचीच सावली पडते. रंकाळ्याकाठच्या टाचणीला (चतुराच्या नाजूक भावंडाला) तर एवढी जवळीक खपत नाही. तिच्यासाठी पहाटेचा गारठा गाठा, पंख दवाने जड असतात तोवरच ती बसून राहते. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स ५५ वर ठीक चालते. १८ वर ३१ ची नळी लावली तर फोकस लेन्सच्या आतच पडतो, काहीच दिसत नाही.

उजेडाची किंमत मोजावी लागतेच. एकास-एकला कॅमेऱ्यावर एफ ८ दिसत असलं तरी प्रत्यक्षात एफ १६ इतकाच उजेड सेन्सरवर येतो. फोकसमध्ये राहणारी जाडी ०.६ मिमीच्या आसपास. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन डोळे धारदार आले तर मागचे पाय धूसर असणारच. एफ १६ लावून जाडी वाढवायला जाल, तर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. एफ ८ ते ११ मध्ये थांबा. ऑटोफोकस चालतो म्हणून खोक्यावर छापलेलं असतं. ते विसरून मॅन्युअलवर या आणि अंग पुढे-मागे झुलवून फोकस साधा.

आता खोड्या. नळ्यांच्या जोडात थोडी ढिलाई असते. लेन्स जरा वाकली की कॉन्टॅक्ट सुटतो, एफ-आकडा ०० दिसतो किंवा एरर ०१ येते. एसटीएमची फोकस रिंगही विजेवरची, त्यामुळे तीही त्याच क्षणी मरते. कोरड्या सुती कापडाने कॉन्टॅक्ट पुसले की बहुतेक वेळा भागतं. दुसरी खोड जास्त छुपी: काही नळ्यांची आतली भिंत चकचकीत असते. समोरून ऊन आलं की फोटोवर दुधट पडदा येतो. आतून काळं मखमली कापड चिकटवा, कॉन्टॅक्टच्या पट्ट्या तेवढ्या मोकळ्या ठेवा.

आणि ती नेहमीची तक्रार: ट्यूब लावली की फोटो हिरवट येतात. ट्यूबमध्ये काचच नाही, ती रंग आणणार कुठून? हिरवा येतो पानांतून. उसाच्या फडात उभं राहा, चारी बाजूंनी पानांतून गाळलेला उजेड असतो. तिथला लोकरी मावा ही याची उत्तम परीक्षा. २००२ साली सांगली जिल्ह्यात दिसून आलेली आणि पुढे आपल्या फडांतही पसरलेली ही कीड पानाच्या खालच्या अंगाला बसते, अंगावर पांढरी मेणकट लोकर. ती लोकर फोटोत पोपटी दिसली की समजायचं, पानांचा हिरवा चढलाय. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधला केल्विनचा (रंग-तापमानाचा) स्लायडर कितीही ओढा, हिरवा जाणार नाही. तो फक्त निळा-पिवळा सांभाळतो. टिंटचा स्लायडर मॅजेंटाकडे न्यावा लागतो.

अंदाजाने ओढण्यापेक्षा हे करा. नळफिटिंगच्या दुकानातून पांढरी टेफलॉन टेप आणा, आइस्क्रीमच्या काडीवर आठ-दहा वेढे द्या. पातळ राहिली तर काडीचा रंग डोकावतो. किड्याशेजारी, त्याच सावलीत काडी धरून एक फ्रेम घ्या, रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये). काडी जळकी पांढरी नको, एक्स्पोजर कमी ठेवा, कारण लाल, हिरवा, निळा यांपैकी एक चॅनल जरी कापला गेला तरी ड्रॉपर (सॉफ्टवेअरमधलं पांढरं निवडायचं साधन) चुकीचा रंग उचलतो. मग ड्रॉपर काडीवर टेकवा आणि तेच माप त्या पानावरच्या सगळ्या फ्रेमना लावा. दोन सऱ्या पुढे गेलात की पुन्हा काडी. झेरॉक्सचा कागद वापरू नका, त्यातल्या चमक आणणाऱ्या रसायनाने तो उन्हात निळसर दिसतो आणि फोटो पिवळा होतो.

ऑटो व्हाइट बॅलन्सवर (कॅमेऱ्याने आपणच रंग सावरण्यावर) मॅक्रोत भरवसा ठेवू नये. फ्रेमभर एकच रंग आला की तो बिथरतो. मसाई पठारावर सीतेची आसवे जांभ्या दगडाच्या पार्श्वभूमीवर टिपलीत तर तांबूस दगड निवळवण्याच्या नादात फुलांचाही रंग भलतीकडे नेतो. तिथे डेलाइटवर ठेवा, उरलेलं घरी.

फ्लॅश वापरत असाल तर डिफ्यूझर तपासा. बटर पेपर जुना झाला की गुळाच्या ढेपेसारखा पिवळट होतो. पॅकिंगचा पांढरा फोम बरा. लेन्सच्या तोंडाच्या पुढे दोन बोटं येईल असा बसवा, फ्लॅश मॅन्युअल १/१६ वर. मग फ्लॅश बंद करून एक फ्रेम घ्या. ती काळी यायला हवी. काळी आली नाही तर सावलीतला निळा उजेड फ्लॅशमध्ये मिसळतोय आणि एकच दुरुस्ती दोन्हींना लागू पडणार नाही; किडा ठीक झाला की मागचं पान बिघडेल. तो उजेड कापायला शटर १/१६० च्या पलीकडे न्यायचं असेल तर आधी बॉडीचा सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर) बघा. नाही तर आयएसओ १०० वर आणा.

आणि कपडे. एवढ्या जवळून ढालकिड्याच्या पाठीवर तुमचा भगवा टी-शर्ट साफ दिसतो. करडा सदरा घाला.

घेताना दुकानातच तिन्ही नळ्या एकावर एक चढवून लेन्स लावा, कॅमेरा चालू करा आणि लेन्स हलकेच वर-खाली हलवा. एफ-आकडा लुकलुकला तर तो संच परत द्या, दुसरा मागा.