मार्करने रॅक लावला म्हणजे फेअर? माझे 24,660 रुपये गेले, तुमचे वाचवा

पैसे लावून पूल खेळणाऱ्यांनी वाचा, आणि "आपण कुठे पैसे लावतो, हरणारा फक्त टेबलचे देतो" म्हणणाऱ्यांनी पण वाचा, कारण सुरुवात तिथूनच होते. माझे 24,660 गेलेत. खेळात हरलो असतो तर गप्प बसलो असतो, हे पैसे रॅकमध्ये, म्हणजे खेळाआधी बॉल मांडून लावतात त्यात गेलेत, मी ब्रेक (पहिला फटका) मारायच्या आधीच.

कॉलेजपासून खेळतोय, स्वतःची स्टिक आहे, पूलमधला 9 बॉल हा प्रकार बऱ्यापैकी खेळतो. त्यामुळे "नवशिका होता म्हणून गंडला" वगैरे कुणी म्हणू नका. समोरचा पंटर पहिल्या दिवशी माझ्याकडून 1,500 हरला. हो, माहितीये, आधी गाजर दाखवायचं ही जुनीच पद्धत आहे, पण त्या दिवशी आम्ही आपापला रॅक आपणच लावत होतो आणि मी खरंच मस्त खेळलो होतो, मग तो मुद्दाम हरतोय असं का वाटेल? पुढच्या वेळी म्हणाला, "दादा, रॅकवरून कटकट नको, मार्करच लावेल, दोघांना सेम." यात नाही म्हणण्यासारखं काय होतं सांगा. उलट माणूस सरळ वाटला. मार्कर म्हणजे टेबलवर बॉल लावून देणारा पार्लरचा पगारी माणूस, त्याला काय पडलंय कोण जिंकतं.

500 ला एक रॅक, म्हणजे एक डाव, असं करत 4,000 गेले. मग "वसूल करायचं असेल तर डबल करू" म्हणून 1,000 ला एक, त्यात 11,000. शेवटी सात रॅकचा सेट 10,000 चा. तोही गेला. 25,000 मधून ते जिंकलेले 1,500 वजा करा, टेबलचे 960 धरा, आणि 200 रुपये, हे मात्र नीट वाचा, 200 रुपये मी त्या मार्करला टिप दिली. "चांगला रॅक लावतोस रे" म्हणून. आजही आठवलं की डोकं फिरतं.

आता काय करत होते ते सांगतो. 9 बॉलच्या रॅकमध्ये 1 नंबर पुढे स्पॉटवर, म्हणजे टेबलवरच्या ठरलेल्या खुणेवर, 9 मध्ये, बाकीचे कसेही. नऊच्या नऊ एकमेकांना घट्ट टेकलेले असले की ब्रेकचा सगळा जोर आत जातो आणि बाजूच्या टोकाचा बॉल, ज्याला विंग बॉल म्हणतात, तो जवळपास ठरल्यासारखा कॉर्नर पॉकेटकडे निघतो. त्यासाठी फार ताकदही लागत नाही, 2001 च्या यूएस ओपन 9 बॉल स्पर्धेत अमेरिकन खेळाडू कोरी डुएल हळू ब्रेक मारूनच जिंकला होता. याच भानगडीमुळे मोठ्या स्पर्धांमध्ये आता 1 च्या जागी 9 नंबर स्पॉटवर ठेवून रॅक लावतात, म्हणजे विंग बॉल फुकटात जात नाही. आणि उलटं, 1 नंबरच्या मागे केसाएवढी जरी फट राहिली तरी ब्रेक मेला. जोर तिथेच जिरतो, बॉल अर्धे तिथेच घोळक्यात राहतात आणि तुम्हाला वाटतं आज हात चालत नाहीये.

तर त्या पंटरच्या रॅकला हा मार्कर ट्रँगल, म्हणजे बॉल लावायची तिकोनी चौकट, पुढे दाबून, मागून बोटांनी घट्ट करून, अलगद वर उचलायचा. माझ्या वेळी तेच सगळं नाटक, पण उचलताना ट्रँगल जरासा मागे ओढायचा. बस, एवढंच. त्या टेबलचं कापड स्पॉटपाशी वर्षानुवर्षं बॉल ठोकून ठोकून खड्डे पडलेलं, कुठला बॉल कुठल्या खड्ड्यात सरकून बसतो हे त्याला तोंडपाठ. वर एक-दोन बॉल जुने झिजलेले. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा असतो, सेटमधला एखादा झिजून बारीक झाला की तो रॅकमध्ये कुठे ठेवायचा एवढ्यावर सगळा खेळ. तो माझ्या रॅकला पुढून दुसऱ्या रांगेत यायचा, त्याच्या रॅकला थेट शेवटी. 2 आणि 3 पण ठरलेल्या जागी. नियम सांगतो की बाकीचे बॉल मुद्दाम ठरवून लावायचे नाहीत आणि रॅक काढल्यावर प्रत्येक बॉल शेजारच्याला टेकलेला हवा. बॉल ठोकून बसवणं टाळायचं, त्यापेक्षा तिथलं कापड ब्रशने नीट करायचं, हेही नियमातच आहे. आपल्याकडे मार्कर ठकठक ठोकतात आणि आपल्याला वाटतं काय मन लावून काम करतोय.

आणि मला दिसलं होतं हो. हेच जास्त लागतं. सेटमध्ये 3-3 झालं होतं, माझा ब्रेक, मी स्टिकला चॉक लावत टेबलच्या त्या टोकाला गेलो आणि वाकलो तर 1 नंबर आणि त्याच्या मागच्या बॉलच्या मधून पलीकडचं निळं कापड दिसलं. बारीकशी निळी रेघ. मी अजून खाली वाकणार तेवढ्यात मागून आवाज, "काय दादा, मॅच खेळायची का पंचनामा करायचाय?" आणि बाकावरची चार टाळकी खी खी करून हसली. मी सरळ उभा राहिलो. ब्रेक मारला, आवाज नेहमीसारखा फाडकन नाही, थप्प असा आला, एक पण बॉल गेला नाही. त्याने सगळं टेबल साफ केलं. चारचौघांत "रॅक परत लाव" म्हणायला कसंतरी वाटतं, समोरच्याला चोर म्हटल्यासारखं होतं, आणि हे लोक नेमकं त्यावरच जगतात. रॅक बघणं हा ब्रेक मारणाऱ्याचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नसतो. ज्याला राग येतो त्याच्याशी खेळूच नका.

नंतर ओळखीच्या एका सीनियर खेळाडूला सांगितलं तर तो शांतपणे म्हणतो, "अरे ते दोघं एकाच खोलीत राहतात, तुला माहीत नव्हतं?" नाही माहीत. कसं असणार? पार्लरच्या भिंतीवर लिहून लावलंय का?

लिहून लावलंय ते वेगळंच. मालकाकडे गेलो तर त्याने बोटाने बोर्ड दाखवला, "येथे पैसे लावून खेळण्यास सक्त मनाई आहे." त्याच्याच काउंटरसमोर रोज पैसे फिरतात, त्याचाच मार्कर, पण मनाई आहे. सीसीटीव्ही मागितला तर "आठवड्याचंच राहतं, उडालं." मग पोलीस ठाणे. ठाणे अंमलदाराने सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "शिकलेसवरलेले दिसता, जुगार खेळलात आणि तक्रार पण तुम्हीच देताय? घ्यायची असेल तर तुमच्यावर पण घेतो." 1887 चा जुगार कायदा मला ऐकवला. मी म्हटलं साहेब, त्याच कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि मी हरलो म्हणून नाही आलो, मार्करला हाताशी धरून फसवलं म्हणून आलोय. तर "ते रॅक काय ते आम्हाला नका शिकवू." यूपीआयने दिले होते म्हणून 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तिकडून उत्तर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी कुणी घेतला का? नाही. मग हे सायबरमध्ये बसत नाही, पोलीस ठाण्यात जा. बँक म्हणते व्यवहार तुमच्या मर्जीने झालाय. ओळखीचा वकील म्हणाला की 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल, वसुलीचा दावा लावू नकोस, फसवणुकीचा फौजदारी अर्ज दे. तो घेऊन परत त्याच ठाण्यात. घेतला, पोच दिली, शिक्का मारायला "साहेब आले की या". साहेब कधी येतात हे त्या खुर्चीलाच माहीत. खेळाच्या एका संघटनेला मेल टाकला, त्यांचं म्हणणं नोंदणीकृत स्पर्धेचा विषय नाही. म्हणजे सगळ्यांचं बरोबर, फक्त माझेच पैसे हवेत गेले.

रॅक टेम्प्लेट मिळतं, पातळ प्लास्टिकची शीट, बॉल आपोआप टेकून बसतात. स्वतःची घेऊन जा, कुणी "इथे चालत नाही" म्हटलं की स्टिक बॅगेत घाला. शीट नसेल तर ज्याचा ब्रेक त्याने आपला रॅक लावायचा आणि समोरच्याने बघायचा. टेबल बदलायला सांगा, एकाच टेबलचा हट्ट असेल तर समजून जा. 500 चे 1,000 करू असं कोण म्हणतंय तेही बघा, हरणारा का जिंकणारा. माझ्या वेळी जिंकणारा म्हणत होता.

ऐकलंय की दोघं आता दुसऱ्या पार्लरला चिकटलेत. नावं टाकत नाही, परत माझ्यावरच काहीतरी यायचं. पण ओळखायची खूण सांगतो. हजारो रुपये लावलेला कुठलाही खेळाडू ब्रेकच्या आधी एकदा तरी पुढे जाऊन स्वतःचा रॅक बघतो. हा एकदाही गेला नाही. मार्करने ट्रँगल उचलला की हा लगेच मारायला वाकायचा.