ज्युरी ड्युटीचं पत्र आलं तर काय? मॅसॅच्युसेट्समधल्या कोर्टातल्या माझ्या दोन दिवसांचा रिव्ह्यू

बोस्टनच्या आसपास आपल्या लोकांत कुणाच्याही घरी जेवायला जमलो की एकाला तरी ज्युरी ड्युटीचं, म्हणजे सामान्य नागरिक म्हणून कोर्टात बसून खटल्याचा निकाल द्यायला बोलावणारं, पत्र आलेलं असतं आणि पहिला प्रश्न हाच असतो की हे टाळता कसं येईल. मी पण तेच विचारलं होतं. सिटिझन होऊन तेव्हा दीडच वर्ष झालं होतं, लॅबमध्ये कामाचा डोंगर होता, आणि डोक्यात लहानपणापासून ऐकलेलं की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आता जाऊन आले, दोन दिवस बसले, म्हणून सविस्तर लिहितेय. कोर्टाचं नाव मुद्दाम देत नाही, आमच्या काउंटीतलं एक डिस्ट्रिक्ट कोर्ट होतं एवढं पुरे. सगळं मिळून ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते पुढे येईलच.

आधी पत्राबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आमच्या घरी पहिलं समन्स मला नाही, माझ्या बाबांना आलं होतं. तेव्हा ते ग्रीन कार्डवर होते. पाकीट हातात धरून हॉलमध्येच उभे, "अगं, मी काय केलंय? कोर्टाचं पत्र मला का आलंय?" बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, एक दिवस कुणाच्या अध्यात मध्यात नाही, रात्रभर झोपले नाहीत. तर कारण असं की मॅसॅच्युसेट्समध्ये ज्युरीची नावं मतदार यादीतून घेत नाहीत, दरवर्षी सिटी हॉलकडून घरात कोण कोण राहतं त्याचा जो सेन्ससचा फॉर्म येतो ना, त्या यादीतून घेतात. त्या यादीत सिटिझन, ग्रीन कार्डवाले, व्हिसावाले सगळेच असतात, आणि कॉम्प्युटर त्यातून नावं उचलतो. म्हणजे पत्र आलं याचा अर्थ तुम्ही काही केलंय असा नाही आणि तुम्ही पात्र आहात असाही नाही.

सिटिझन नसाल तर ज्युरीत बसता येत नाही, पण पत्र कचऱ्यात टाकायचं नाही! फॉर्मवर किंवा ऑनलाइन 'मी अमेरिकेचा नागरिक नाही' हे कळवायचं, विषय संपला. आणि चुकूनही, नुसतं सिस्टीममध्ये पुढे जायला म्हणून, मी नागरिक आहे असं टिक करू नका. इमिग्रेशनच्या कायद्यात नागरिक असल्याचा खोटा दावा फार गंभीर धरतात, त्याने ग्रीन कार्डच धोक्यात येऊ शकतं. घरी आई-वडील, सासू-सासरे असतील तर त्यांची पाकिटं त्यांच्यासोबत बसून उघडा, हे अगदी कळकळीने सांगतेय.

अजून एक, म्हाताऱ्या माणसांना फोन येतात की तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवली, तुमच्या नावाने वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा नाहीतर पोलीस येतील. ही शंभर टक्के फसवणूक. कोर्ट असे फोनवर पैसे मागत नाही. फोन ठेवायचा आणि समन्सवर छापलेल्या नंबरवर स्वतः विचारायचं. खरंखुरं समन्स दुर्लक्षित केलं तर मात्र इथे २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून दोन्हीतला फरक घरात सगळ्यांना माहीत पाहिजे.

तारीख जमत नसेल तर पुढे ढकलता येते, मूळ तारखेपासून एक वर्षाच्या आतली कुठलीही तारीख घेता येते, त्यासाठी रडगाणं गावं लागत नाही, कारणही फारसं विचारत नाहीत. मी भारतात जाणार होते म्हणून नोव्हेंबरची मार्चमध्ये करून घेतली, वेबसाइटवर पाच मिनिटांत झालं. या भागाला माझे पूर्ण गुण. ज्यांनी गेल्या तीन वर्षांत ड्युटी केलीय, ज्यांना इंग्रजी बोलता-समजता येत नाही, जे घरी कायमच्या अपंग माणसाची काळजी घेतात, त्यांना सूट आहे. ७० च्या वर असाल तर करायची की नाही हे तुमच्या मर्जीवर. आदल्या दिवशी वेबसाइटवर किंवा फोनवर चेक नक्की करा, कारण कधीकधी गरज नाही म्हणून येऊ नका असं सांगतात, आणि उगाच पहाटे उठून बर्फातून गाडी काढून जायचं आणि दार बंद, असं नको.

पैशांचं विचारतात सगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस तुमची कंपनीच तुमचा नेहमीचा पगार देते, तो कायदाच आहे, पार्ट टाइमवाल्यांनाही लागू. चौथ्या दिवसापासून सरकार दिवसाला ५० डॉलर देतं. स्वतःचा धंदा असेल तर पहिल्या तीन दिवसांचा भार स्वतःवरच, हे मला पटत नाही, आमच्या ओळखीत एक जण घरगुती डे-केअर चालवते, तिने तीन दिवस बंद ठेवायचं म्हणजे तिचं नुकसान आणि पाच घरांची पंचाईत. अर्धा स्टार मी इथेच कापला. बहुतेक लोक मात्र एकाच दिवसात मोकळे होतात, कारण नियमच 'एक दिवस किंवा एक खटला' असा आहे, तुमची निवड झाली नाही तर संध्याकाळी घरी आणि तीन वर्षं सुटका.

उरलेला अर्धा स्टार पार्किंगचा आणि खाण्याचा. आठला हजर व्हायचं, आणि मी गेले त्या कोर्टाचं पार्किंग पावणेआठलाच फुल्ल, मग तीन चौक लांब मीटरवर गाडी लावली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन पुन्हा पैसे भरले. आत फक्त एक मशीन, चिप्स आणि कोका कोला. डबा न्या. मी पोळी-भाजी नेली होती, माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं काय आहे, अर्धी पोळी त्यांनी खाल्ली. खोलीत गरम होतं की गार ते तासातासाला बदलत होतं, स्वेटर न्या, पुस्तक न्या. फोन नेऊ दिला पण कोर्टरूममध्ये पूर्ण बंद.

सकाळी एक व्हिडिओ दाखवतात आणि मग स्वतः जज येऊन बोलतात. मला वाटलं होतं औपचारिक असेल, पण त्या पाच मिनिटांत ज्या पद्धतीने त्या बोलल्या ना, की तुम्ही नुसते इथे येऊन बसलात त्यानेसुद्धा आज काही केसेस मिटतील, कारण समोर खरोखरची ज्युरी तयार आहे म्हटल्यावर दोन्ही बाजू गंभीर होतात, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण इथे फक्त वेळ घालवायला आलो नाही. घरी आल्यावर वाचलं की या राज्यात १९४९ चा कायदा होईपर्यंत बायकांना ज्युरीत घेतच नव्हते. आमच्या खोलीत निम्म्याहून जास्त बायका होत्या.

मग निवड. साडेदहाला आम्हा पंचवीसेक जणांना वर नेलं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस. आरोपी समोरच बसलेला, विशीतला मुलगा, कोट त्याला मोठा होत होता. जज सगळ्यांना मिळून प्रश्न विचारतात, कुणाला ओळखता का, पोलिसांच्या शब्दावर इतरांपेक्षा जास्त किंवा कमी विश्वास ठेवाल का, या विषयावर मनात काही पक्कं आहे का. नंबरची पाटी वर करायची. मग एकेकाला बाजूला जजच्या बाकाजवळ बोलवतात, दोन्ही वकील तिथे, आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खोलीत एक घरघर आवाज सोडतात.

मी पाटी वर केली. माझ्या मावसभावाला सातारा रोडवर दारू प्यायलेल्या ट्रकवाल्याने उडवलं होतं, वर्षभर तो अंथरुणावर होता, मावशीचं त्या वर्षात जे झालं ते मी पाहिलंय. सगळं सांगितलं. जजनी शांतपणे विचारलं, हे लक्षात असूनही तुम्ही इथे फक्त या खोलीतल्या पुराव्यावर निर्णय देऊ शकाल का? मी लगेच हो म्हटलं नाही. खरंच विचार केला. आणि मग हो म्हटलं. मला वाटलं आता घरी पाठवतील, वकिलांना कारण न देता काही जणांना काढता येतं, डिस्ट्रिक्ट कोर्टात असे दोन-दोनच जण काढता येतात. पण मला ठेवलं. म्हणून सांगते, सुटायला म्हणून पूर्वग्रहाचं नाटक करू नका आणि बसायला मिळावं म्हणून लपवूही नका, जे आहे ते सांगा, ठरवायचं काम त्यांचं आहे. आणि उच्चाराची भीती अजिबात नको, माझं इंग्रजी पुण्याचंच आहे, कुणी भुवई वर केली नाही.

आम्ही सात जण बसलो. डिस्ट्रिक्ट कोर्टाची ज्युरी सहाची असते, सुपीरियर कोर्टात बाराची, पण कुणी आजारी पडलं तर म्हणून एखाद-दोन जास्त घेतात. आणि इथली खासियत अशी की तो जास्तीचा कोण हे आधी कुणालाच माहीत नसतं, शेवटी चिठ्ठी टाकून ठरवतात, त्यामुळे सातही जण सारख्याच लक्षाने ऐकतात. मला ही पद्धत फार आवडली.

खटला टीव्हीवर दाखवतात तसा नसतो. बराच वेळ वकील जजच्या बाकाशी जाऊन कुजबुजतात आणि आपण भिंतीकडे बघतो. पण साक्षी सुरू झाल्या की एक सेकंद लक्ष हलत नाही. पहिल्या दिवशी पोलीस अधिकाऱ्याची साक्ष ऐकून मी मनात जवळजवळ ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिफेन्सच्या वकिलाने त्याच अधिकाऱ्याला एकेक गोष्ट विचारली, रस्ता उतरता होता का, त्या मुलाच्या पायाला जुनी दुखापत असल्याचं त्याने तिथेच सांगितलं होतं का, ते रिपोर्टमध्ये का नाही. आणि माझं पक्कं झालेलं सुटायला लागलं. रात्री घरी नवऱ्याने विचारलं होतं काय चाललंय, सांगता येत नाही म्हटलं, कारण घरीसुद्धा बोलायचं नसतं, गूगल करायचं नसतं, ती जागा बघायलाही जायचं नसतं. हे पाळणं वाटतं त्याहून अवघड आहे, पण त्या मुलाच्या बाजूने विचार करा, त्याच्यासमोर न आलेल्या गोष्टीवरून त्याचा निकाल का लागावा.

जजनी शेवटी समजावून सांगितलं की शंका राहिली, आणि ती कारणाला धरून असलेली शंका असेल, तर दोषी म्हणायचं नाही. आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला नाही हे त्याच्या विरुद्ध धरायचं नाही. आणि सहाच्या सहा जणांचं एकमत झालं तरच निकाल, नाहीतर खटला तसाच राहतो आणि पुन्हा चालवावा लागू शकतो.

मग चिठ्ठी काढली. माझा नंबर निघाला. मी जास्तीची.

मला इतकं वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. ज्या बाईला चार महिन्यांपूर्वी हे टाळायचं होतं ती आता दुसऱ्या खोलीत एकटी बसून दाराकडे बघत होती. घरी सोडत नाहीत, कुणाला काही झालं तर आत जावं लागतं. त्या दीड तासात मला सारखे टिळक आठवत होते. १९०८ चा राजद्रोहाचा खटला आपण शाळेत शिकतो, मंडालेची शिक्षा शिकतो, हायकोर्टात लावलेले त्यांचे शब्द पाठ करतो की ज्युरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोषच आहे. पण ज्युरी म्हणजे काय हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि निकाल सात विरुद्ध दोन. त्याआधीच्या, १८९७ च्या खटल्यातही सहा विरुद्ध तीन. तेव्हाच्या मुंबईत बहुमत पुरत होतं. मी बसले होते त्या कोर्टात तो निकाल लागूच शकला नसता, दोन माणसं नाही म्हणाली असती तर सातांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देववता आली नसती. आणि त्या नऊत त्यांच्या पुण्याचं, त्यांचं मराठी 'केसरी'त वाचणारं कुणीही नव्हतं. आपण समन्स टाळतो तेव्हा अशीच एक खुर्ची रिकामी करतो, आणि उद्या त्या मोठ्या कोटात आपल्याच कुणाचा मुलगा बसलेला असेल.

निकाल 'नॉट गिल्टी' लागला. मला पण बोलावलं ऐकायला. मुलाची आई मागच्या बाकावर होती, तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. माझंही मत तेच झालं असतं, मावसभाऊ आठवत असूनही. जाताना जजनी प्रत्येकाशी हात मिळवला, कंपनीत द्यायला सर्टिफिकेट मिळालं, आणि पोळी खाल्लेल्या बाईंनी मिठी मारली.

बाबा दोन वर्षांपूर्वी सिटिझन झाले. गेल्या महिन्यात त्यांना पुन्हा तेच पाकीट आलं. आता ते एकाहत्तर आहेत, म्हणजे नको म्हणायचा पर्याय होता, मी तो वाचूनही दाखवला. त्यांनी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला, पेन मागितलं, आणि तो पर्याय तसाच सोडून पुढच्या प्रश्नावर गेले. तारीख जूनमधली आहे, मी सोडायला जाणार आहे, पार्किंगसाठी सव्वासातला निघायचं ठरलंय.