गच्चीवरचा पांढरा 'कूल रूफ' रंग: सोलापूरच्या उन्हात कितपत चालतो

ताजा बर्फ उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. म्हणून आर्क्टिकचा बर्फ हटला की खालचं काळं पाणी तापतं आणि उरलेला बर्फही लवकर वितळतो. आपली काळवंडलेली गच्चीसुद्धा अशीच ऊन पिते. हा रंग तिला पुन्हा पांढरी करतो, एवढंच त्याचं काम.

घेताना डब्यावर एसआरआयचा आकडा शोधा, म्हणजे रंग ऊन किती परतवतो आणि उष्णता किती सोडतो याचं माप. चांगल्या पांढऱ्या रंगाचा तो १००च्या आसपास असतो. नुसतं 'कूल' छापलंय आणि आकडा नाही, तर तो डबा घेऊ नका.

रंग सहसा बिघडत नाही, बिघडते ती तयारी. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटलेली खपली खरवडा, भेगा भरा, धुऊन दोन दिवस वाळू द्या. पहिला हात कंपनी सांगेल तेवढंच पाणी घालून, दुसरा पहिल्याला आडवा. खडबडीत स्लॅब रंग जास्त पितो, म्हणून आधी एक लिटर मोजून लावून पाहा. लिटरमागे दोन हातांत २५ चौरस फूट निघाले, तर ६०० फुटांना २४ लिटर लागतील. वीसचा एक डबा पुरणार नाही. काम फेब्रुवारीत उरका. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर रंग वरून वाळतो, खाली धरत नाही आणि पापुद्रे सुटतात. पन्हाळीच्या तोंडाशी पाणी साचत असेल तर आधी उतार नीट करून घ्या, नाहीतर फोड येणारच.

पत्र्याला फायदा जास्त, पण गंजावर आधी प्रायमर हवा. यंत्रमागाच्या शेडमध्ये मोटारींची उष्णता आतलीच असते. तिथे नुसता रंग पुरत नाही, छताला हवा बाहेर काढणारे पंखेही लागतात. धाब्याच्या घरावर मात्र हा रंग लावूच नका: ओल आत कोंडते. तिथे पांढरी मातीच बरी. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर २ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो, खालच्या मजल्याला जवळपास काहीच नाही. कूलर बंद होत नाही, कमी वेळ चालतो. तेवढीच वीज आणि ती बनवायला लागणारा कोळसा वाचतो. हवेत साठलेला कार्बन याने उतरत नाही, त्यामुळे 'पृथ्वी वाचवा' छापलेल्या डब्याला जास्त पैसे मोजू नका.

खरी अडचण धुळीची. आपल्याकडे वर्षभरात पांढरा थर मातकट होतो आणि परतवणं घटतं. दर उन्हाळ्याआधी झाडून, मऊ ब्रशने धुवा. चुना फार स्वस्त, पण पहिल्याच पावसात उतरू लागतो. भाड्याच्या खोलीला चालेल. शेजारची खिडकी तुमच्या गच्चीपेक्षा उंच असेल तर एकदा विचारून घ्या, दुपारी झळाळी थेट त्यांच्या डोळ्यांत जाते.