जुना सिंथेसायझर डेमो शोधताना माझी फसवणूक कशी झाली

कधीकाळी ऐकलेला सिंथेसायझरचा डेमो, म्हणजे वाद्याचे आवाज दाखवायला केलेली धून, ज्यांच्या डोक्यातून आजही जात नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डेमोचं नाव माहीत नाही, वाद्य कुठलं ते नक्की नाही, चार-सहा सुरांची एक ओळ तेवढी लक्षात आहे, अशा माणसाला बरोबर हेरणारे लोक आहेत. त्यातल्या एकाने मला लुबाडलं. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट जे झालं ते पुढे सांगते.

माझ्या आठवणीतला डेमो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. सुरुवातीला घंटेसारखा खणखणीत आवाज, मग पायरी पायरीने खाली येणारा बेस, त्यावर कोरससारखा ‘आ’कार, आणि मध्ये एक अशी ओळ की जी संपता संपता भलत्याच सुरावर जाऊन थांबते. घंटेवरून काहीच ठरत नाही. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ साली आला आणि त्यातला ‘टब बेल्स’ हा आवाज त्या काळात जिथे तिथे ऐकू यायचा. कोरसमुळे मला रोलंड डी-५० किंवा कॉर्ग एम-१ असावा असं वाटायचं. पहिला १९८७चा, दुसरा १९८८चा. तेव्हाचे डेमो यायचे तरी किती वाटांनी! कंपन्या कॅसेट काढत, काही मासिकांसोबत पातळ, वाकणारी तबकडी मिळे, सीक्वेन्सर (सूर साठवून आपोआप वाजवणारी सोय) असलेल्या वाद्यांची गाणी फ्लॉपीवर किंवा कार्डवर असत. घरगुती कीबोर्डमधली धून तर बटणामागे रॉममध्येच, म्हणजे वाद्याच्या कायमच्या मेमरीतच, असायची. ती धून त्या मॉडेलच्या प्रत्येक चालू कीबोर्डवर तशीच वाजते, म्हणून तिची ‘दुर्मिळ मूळ प्रत’ कुणी विकत असेल तर तिथेच थांबायचं.

मी चौकशी सुरू केल्यावर एका गृहस्थांनी स्वतःहून संपर्क साधला. जुन्या वाद्यांचा संग्रह आहे म्हणाले. बोलणं अतिशय आपुलकीचं. “ताई, तुम्ही म्हणताय तो बहुतेक माझ्याकडे आहे, पण खात्री केल्याशिवाय तुमचे पैसे घेणार नाही,” असं म्हणाले आणि प्रश्न विचारायला लागले. बेस वर जातो की खाली? ताल जलद की संथ? घंटा एकदाच वाजते की पुन्हा येते? ती ओळ गुणगुणून पाठवाल का? इतक्या वर्षांनी कुणीतरी या धुनेबद्दल एवढं जाणून घेतंय याचा आनंद किती होतो, हे शोधणाऱ्यालाच कळेल. मी गुणगुणून पाठवलं.

काही दिवसांनी त्यांच्याकडून छोटा नमुना आला. घंटा, उतरता बेस, आणि माझी ओळ. ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. पूर्ण डेमोसाठी आधी अर्धे पैसे, मग उरलेले, मग मूळ वस्तू पाठवायचा खर्च असं करत त्यांनी सगळी रक्कम घेतली. मला पूर्ण फाईल मिळाली, वस्तू आली नाही. पुढे उत्तरं बंद झाली आणि खातंही दिसेनासं झालं. पैसे ज्या सेवेतून गेले तिच्याकडे तक्रार केली. फाईल पोहोचली आहे, तेव्हा व्यवहार पूर्ण झाला, असं उत्तर आलं.

आता ‘पुराव्या’कडे बघा. हा डेमो डीएक्स-७च्या कार्ट्रिजवर (वाद्यात खोचायच्या मेमरीच्या डबीवर) होता असा त्यांचा दावा, आणि खात्री म्हणून त्या कार्ट्रिजची ४१०४ बाइटची फाईल पाठवलेली. फाईल उघडते, वाद्याला चालते, आवाजही निघतात. पण डीएक्स-७मध्ये सीक्वेन्सरच नाही. त्या फाईलमध्ये ३२ आवाजांची जुळणी मावते, धून मावत नाही. असे संच फुकट मिळतात. शिवाय ज्या कार्ट्रिजवर माहिती लिहिता येते ती बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की माहिती गेली. दशकानुदशकं कपाटात पडलेल्या कार्ट्रिजमध्ये सगळं जसंच्या तसं आहे असं कुणी म्हणालं, तर बॅटरी कधी आणि कशी बदलली हे विचारायलाच हवं.

हे विचारल्यावर त्यांनी गोष्ट फिरवली होती: कार्ट्रिजवर आवाज होते, धून सोबतच्या कॅसेटवर. पण फाईलमध्ये बारीक टकटक ऐकू येते, आणि तशी टकटक तबकडीची असते. कॅसेटला सतत सळसळ असते. बरं, मासिकासोबतची तबकडी धरून चालू. ३३⅓ वेगाच्या तबकडीवर आडवा ओरखडा असेल तर तो दर १.८ सेकंदांनी खटकतो. इथे तसलं काही नाही. पहिला सूर लागण्याआधी आणि शेवटचा विरल्यानंतर नुसती खरखर आहे. ते दोन तुकडे मी ऑडिओ एडिटरमध्ये घेतले, एकाची फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटी केली (मग तंतोतंत सारखे आवाज एकमेकांना खोडतात), आणि टकटक जुळवून दोन्ही एकावर एक ठेवले. आवाज पूर्ण नाहीसा झाला. खरी खरखर दोनदा सारखी कधीच येत नाही. ही एकच खरखर पुन्हा पुन्हा चिकटवलेली होती. सगळे सूरही ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला काटेकोर जुळलेले. कॅसेटचा वेग प्लेअरगणिक थोडा बदलतो, आणि सहा टक्के फरक पडला तरी अख्खी धून एका सेमीटोनने (अर्ध्या सुराने) सरकते. कुणी नंतर सूर दुरुस्त केलेही असतील, म्हणून एवढ्यावरून मी कुणाला खोटं ठरवणार नाही. गडद रिव्हर्बवरूनही, म्हणजे आवाजाच्या घुमण्यावरूनही, नाही. डीएक्स-७मध्ये रिव्हर्ब नाही, पण डेमो स्टुडिओत मिसळलेले असायचे.

मला निर्विवाद वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. गुणगुणताना त्या ओळीच्या चौथ्या सुरानंतर माझा श्वास संपला होता. मी थांबले, श्वास घेतला आणि पुढचा सूर लावला. डेमोत तिथे खंड नाही, ओळ सलग जाते. त्यांच्या फाईलमध्ये नेमक्या त्याच जागी तेवढाच खंड आहे, आणि पट्टीही मी गुणगुणले तीच. म्हणजे मी सांगितलेलं सगळं घेऊन, संगणकावर वाद्यांचे आवाज लावून, त्यांनी माझीच आठवण मला विकली.

आणि खरं नुकसान इथे आहे. खोटेपणा कळेपर्यंत ती फाईल मी असंख्य वेळा ऐकली होती. आता मूळ ओळ आठवायला गेले की तो खंड मध्ये येतो. त्यांनी मनाने घातलेले ढोल ऐकू येतात. माझ्या आठवणीत ते होते की नव्हते, आता सांगता येत नाही. पैसे पुन्हा कमावता येतात. ती आठवण परत कशी मिळवायची हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. म्हणून कुणाकडूनही नमुना ऐकण्याआधी, अगदी आजच, जेवढं आठवतं तेवढं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून तारखेसह ठेवा. आणि ते कुणालाही पूर्ण पाठवू नका. एक-दोन खुणा सांगा, बाकीच्या समोरच्याला सांगू द्या. तुम्ही न सांगितलेला भाग नमुन्यात मागा, कारण ज्याच्याकडे खरंच रेकॉर्डिंग आहे त्याला कुठलाही भाग पाठवायला काहीच अडचण नसते. कॅसेट असेल तर तिच्याशेजारी तुम्ही सांगाल तो शब्द कागदावर लिहून फोटो काढायला सांगा. पैसे देण्याआधी इंटरनेट अर्काइव्हही चाळा. जुनी वाद्य-मासिकं आणि माहितीपुस्तिका तिथे मोफत सापडतात, आणि त्यांतल्या जाहिरातींवरून कुठल्या वाद्यासोबत कॅसेट किंवा तबकडी मिळायची याचा माग लागू शकतो.

त्या गृहस्थांनी एवढे प्रश्न विचारले, पण डेमो संपतो कसा हे विचारायचं राहिलं. त्यांच्या फाईलमध्ये आवाज हळूहळू कमी होत बंद होतो. खरा तसा संपत नाही. कसा संपतो ते मी कुठेही लिहिलेलं नाही, इथेही नाही. यापुढे जो कुणी तो डेमो आपल्याकडे आहे म्हणेल, त्याला मी आधी तेवढंच विचारणार आहे.