आपत्ती किटची पेटी घरी आल्या आल्या फोडा

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्याच्या सोसायट्यांमधून ‘आपत्ती किट’ विकणारे फिरतात. आम्हाला गंडवणारा त्यातलाच. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, प्रत्येक विंगमध्ये त्याने वेगळंच सांगितलं होतं. त्याची रीत मात्र सांगण्यासारखी आहे.

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी गेलं ३५ च्या वर. समा भागात आमच्याकडे तळमजले बुडाले, वीज गेली, खालची माणसं सामानासकट जिन्यात आणि गच्चीवर. सासूबाई ओल्या साडीतच बसून राहिल्या आणि भर ऑगस्टात कुडकुडायला लागल्या. ‘बडोद्यात कसली आलीय थंडी’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. पण ओल्या अंगातून उष्णता भराभर जाते. वर वारा असला, माणूस म्हातारं असलं, की अंगाचं तापमान ३५ अंशांखाली उतरायला बर्फ पडावा लागत नाही. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात तो आला, त्याला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

किटमध्ये १२ बाय १५ फुटांची २०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची ताडपत्री, एक लोकरी ब्लँकेट, दोन चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेटं, दोरी, टॉर्च, शिट्टी. किंमत २,४०० रुपये, निम्मे आधी. नमुना त्याने पार्किंगमध्येच उघडला. पटेलबेनकडून पाण्याचा मग मागून घेतला, ताडपत्रीचा झोळ करून त्यात ओतला. खाली थेंब नाही. ब्लँकेटचा धागा काढून काडी लावली, केस जळल्यासारखा वास आला. खरी लोकर अशीच जळते. त्या दिवशी त्याच्या हातात होता तो माल अस्सलच होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आठवड्याभराने आमच्या पेट्या आल्या, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या. वर लाल अक्षरांत सूचना: सील तोडल्यास वॉरंटी रद्द. वरून तोंडी, “काका, हमणां खोलता नहीं, हवा लागशे तो चांदी ऊडी जशे.” म्हणजे आत्ता उघडू नका, हवा लागली तर चांदी उडून जाईल. सगळी मेख इथे आहे. हा माल कोणी हौसेने वापरत नाही. पेटी माळ्यावर जाते आणि उघडते ती गळ्याशी पाणी आल्यावर. तेव्हा विकणाऱ्याला शोधायला कोण जाणार? आणि हवेने चांदीबिंदी काही उडत नाही. ते ब्लँकेट म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर.

पेटी फुटली ती माझ्या दिरांमुळे. त्यांचा मंडपाचा धंदा, ताडपत्रीत जन्म गेला. सहज भेटायला आले होते. पेटी उचलली आणि म्हणाले, “वहिनी, यात दोनशेची ताडपत्री? शक्यच नाही.” सील कापलं, ताडपत्री कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. एक किलो चारशे ग्रॅम. १२ बाय १५ फूट म्हणजे साधारण १६.७ चौरस मीटर. २०० जीएसएमची असती तर तीन किलो तीनशेच्या वर भरली असती. त्या मापाने आमची निघाली ऐंशी-पंच्याऐंशीची. बरं, मापही साडेअकरा बाय चौदाच, ते धरलं तरी जेमतेम नव्वद-पंच्याण्णव. काठ दुमडण्याआधीचं माप सांगायचं, ही या बाजारातली जुनी खोड, असं दीर म्हणाले. काठात दोरी नव्हती. रिंगेत बोट घालून त्यांनी जरा ओढलं, तर रिंग हातात आली.

चंदेरी ब्लँकेट तर वेफर्सच्या पुड्याइतकंही बरं नव्हतं. खरी फिल्म कुरकुरते आणि ओढली तरी सहज ताणत नाही. ही च्युइंगगमसारखी लांबली आणि अंगठ्याला चंदेरी रंग लागला. खरं असतं तरी ते स्वतः ऊब देत नाही, अंगाची ऊब परत अंगाकडे फिरवतं. म्हणून आधी ओले कपडे काढायचे, अंग पुसायचं, मग गुंडाळायचं. हे त्या विक्रेत्याने एकालाही सांगितलं नाही. ‘लोकरी’ ब्लँकेटचा धागा जाळला तर वितळून काळा कडक मणी झाला: पॉलिस्टर. पॉलिस्टर वाईट नाही, लवकर वाळतं, पुरात उलट सोयीचं. पण मग भाव पॉलिस्टरचा घ्या ना!

पेटीवर आयएसआयसारखी छाप होती, पण वर आयएस क्रमांक, म्हणजे मानकाचा क्रमांक नाही, खाली सीएम/एलचा परवाना क्रमांक नाही. खऱ्या छापेवर दोन्ही असतात आणि परवाना भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. एचडीपीई या प्लास्टिकच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे मानक आहे.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पण ती पुढे सरकेना. कारण बिलावर फक्त ‘किट, १ नग’. ना जीएसएम, ना माप, ना लोकरीचा उल्लेख, ना दुकानाचा पत्ता. तोंडाने सांगितलेलं काहीच कागदावर नाही. बिलावर तयार (काठ दुमडल्यावरचं) माप, जीएसएम आणि ब्लँकेटचं कापड लिहून द्यायला जो कां-कूं करेल, त्याला उरलेले निम्मे पैसे देऊ नका.

माझी नणंद हरणीला राहते. तिच्या सोसायटीत परवा असाच एकजण येऊन गेला. पेटीचा रंग निराळा, खेळ तोच. तुमच्याकडे आला तर पाण्याचा मग खुशाल द्या. फक्त पाणी नमुन्यावर नको. पोहोचलेल्या मालातली कुठलीही एक पेटी तुम्ही निवडा, त्याच्यासमोर कापा आणि ओता त्या ताडपत्रीवर.