जुन्या मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करावे की नाही: जी४१ आणि एच६१ यांची तुलना

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून, नाशिकमधील ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात जुना संगणक आहे, त्यांना बायोस (संगणक सुरू करणारे, मदरबोर्डवरील चिपमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून नवी विंडोज चालेल का, असा प्रश्न पडतो. उत्तर बोर्डाच्या पिढीवर अवलंबून आहे.

इंटेलचा जी४१ चिपसेट (मदरबोर्डचे भाग जोडणारी मुख्य चिप) आणि कोअर २ ड्युओ प्रोसेसर असलेल्या संगणकाच्या बाबतीत उत्तर नकारार्थी आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना प्रोसेसरमध्येच असाव्या लागतात. कोअर २ ड्युओमध्ये त्या नाहीत आणि कोणतेही बायोस त्या निर्माण करू शकत नाही. अशा बोर्डावर शेवटचे अधिकृत बायोस चढवण्यास एकच सबळ कारण उरते, ते म्हणजे नंतर आलेला ४५ नॅनोमीटरचा प्रोसेसर बसवायचा असणे. अन्यथा साटा एसएसडी आणि ४ जीबी रॅम घालून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवावी. त्यासाठी बायोसला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही.

इंटेलच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डाची गोष्ट निराळी आहे. त्यावर दुसऱ्या पिढीचा इंटेल कोअर प्रोसेसर काढून तिसऱ्या पिढीचा बसवायचा असेल, तर अनेक बोर्डांना आधी नवे बायोस द्यावेच लागते. मात्र टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा सुविधा) त्यामुळेही मिळत नाही, आणि अटी चुकवून विंडोज ११ बसवली, तर पुढील अद्यतनांची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. एनव्हीएमई या साटापेक्षा वेगवान प्रकारच्या एसएसडीवरून संगणक सुरू व्हावा म्हणून बदल केलेले बायोस वापरणारे लोक आहेत. परंतु साटा एसएसडीने रोजच्या कामातला बहुतेक फरक पडत असताना तेवढी जोखीम मला अनाठायी वाटते. प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतील नियंत्रक सूचना) सुधारण्यापुरते बायोस बदलणेही सहसा अनावश्यक असते, कारण विंडोज आणि लिनक्स दोन्ही सुरू होताना उपलब्ध असलेला नवा मायक्रोकोड स्वतः भरतात.

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात सीरियल पोर्टवरून सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राला प्रोग्राम पाठवणारा संगणक असेल, तर तो मुळीच बदलू नये. त्याचे इंटरनेट तोडावे आणि डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवावी.

ज्यांना बायोस फ्लॅश करायचेच, म्हणजे चिपवर नव्याने लिहायचेच आहे, त्यांनी बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक जुळवूनच फाइल घ्यावी, जुन्या बायोसची प्रत पेन ड्राइव्हवर जपावी आणि संगणक यूपीएसवर ठेवावा; पावसाळ्यात वीज केव्हा जाईल, याचा भरवसा नसतो. वीज मध्येच गेली, तर सॉकेटमधील आठ पायांची बायोस चिप काढून सीएच३४१ए प्रोग्रामर या चिपवर लिहिणाऱ्या उपकरणाने पुन्हा लिहिता येते. ती चिप बोर्डाला सोल्डर केलेली असेल, तर क्लिप लावावी लागते किंवा चिप उकलून घ्यावी लागते. म्हणून ती कशी बसवली आहे, हे फ्लॅश करण्यापूर्वीच कॅबिनेट उघडून पाहावे.