लसूणवेल म्हणून गळ्यात मारलेली बोडकी काडी

पाऊस तोंडावर आला की जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या वसाहतींतून रोपांचे टेम्पो फिरू लागतात. अशाच एका टेम्पोवाल्यानं लसूणवेलीच्या, म्हणजे पानाला लसणासारखा वास येणाऱ्या फुलवेलीच्या, नावाखाली भलतीच रोपं खपवली, तीनशेला एक. पुढे खरी लसूणवेल ठेवलेली. तिचं पान चुरगळून प्रत्येकाच्या नाकाशी धरायचा. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र मागच्या पिशव्या पडायच्या, त्यात वीतभर बोडकी काडी. "पानं काढलीत ताई, उन्हात सुकू नये म्हणून." मेख इथंच होती. पानच नाही, तर तपासणार काय?

पालवी फुटली, वास नाही. विचारल्यावर उत्तर तयार: "तुमच्या काळ्या मातीत वास उतरत नाही." निव्वळ थाप! हा वास गंधकाच्या संयुगांचा, पान फाटलं की सुटतो. काळ्या मातीनं फार तर कुंडीत पाणी साचून मुळं कुजतील.

निघाली ती पोड्रॅनिया, वेगळीच एक फुलवेल. तिच्या एका देठावर बहुधा सात ते अकरा पर्णिका (एकाच पानाचे छोटे भाग), फूल गुलाबी, घशात लाल रेघा. लसूणवेलीच्या देठावर पर्णिका दोनच, मधून बऱ्याचदा वेलाचा ताणा निघतो. फूल उमलतं जांभळं, मग विटत जवळपास पांढरं होतं, म्हणून एकाच झुपक्यात दोन-तीन छटा दिसतात. दोन पर्णिकांवर मात्र विसंबू नका. सॅरिटिया नावाच्या वेलीलाही दोनच असतात, फूलही जांभळट, पण लसणाचा वास नाही.

फूल हुंगून फारसं कळत नाही. पान स्वतः फाडायचं, तेही विकत घ्यायच्याच रोपाचं. बोडकी काडी असेल तर नखानं साल खरवडा. खऱ्या वेलीची सालही लसणासारखी येते. आधी हात धुवा. नमुन्याचं पान चोळलेल्या बोटांना बाभळीची काडीसुद्धा लसणाचीच वाटेल.

पातीला लसणाचा वास असलेल्या तुलबाघिया या फुलझाडाच्या नावावर रेन लिली हे दुसरं फुलझाडही विकतात, तिथं धोका पैशापुरता नाही. तुलबाघियाची पात खातात, म्हणून विकणारा "शेंगाचटणीत घाला" म्हणतो; रेन लिलीचा कांदा विषारी. तुलबाघियाच्या एका दांड्यावर फिकट जांभळ्या फुलांचा घोस, रेन लिलीच्या दांड्यावर एकच फूल. फूल नसेल तर पात मोडून हुंगा. वास आला नाही तर ती पिशवी तिथंच ठेवा, आणि घरी आधीच लावली असेल तर स्वयंपाकघरापासून लांब हलवा.